सोबत जोडले आहे : रोजच्या साध्या विषयांना पॉडकास्ट कसा मिळाला?

हा आपल्या या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी अवतार. कानात हेडफोन घातले की ज्यांना बसमध्ये झोप लागते, त्यांच्यासाठी खास. नेहमीप्रमाणे मधले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' आणि 'काय म्हणतात ते' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. ज्यांनी ऐकलाय त्यांना मागे कुकरच्या दोन शिट्ट्या ऐकू आल्या असतील. त्या मी कापल्या नाहीत. का, ते शेवटपर्यंत कळेल.

मागच्या वेळी आपण पिठाच्या गिरणीवर बोललो होतो. डबे रांगेत लावायची पद्धत, ज्वारीवर गहू टाकला तर होणारी भांडणं, गिरणीवाल्याच्या पापण्यांवर बसलेलं पीठ. तो एपिसोड ऐकून ऑफिसमधला एक मित्र म्हणाला, "अरे, गिरणीवर चाळीस मिनिटं? कोण ऐकतं असलं? आणि तुला हे कोणी करू दिलं?"

पहिला प्रश्न सोडून देऊ, डॅशबोर्डवरचा आकडा मी सांगणार नाही. दुसरा मात्र डोक्यात अडकला. कोणी करू दिलं? खरं उत्तर असं की कोणीच नाही. कोणाला विचारावंच लागलं नाही. आता हे आपल्याला इतकं साधं वाटतं की त्यामागे काही इतिहास असेल असं वाटतच नाही. पण तो आहे, आणि त्याच्या मध्यभागी कोडची एक ओळ आहे. मी दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधतो, त्यामुळे एखादी ओळ आवडली की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी रेडिओ

रेडिओवर रोजचं आयुष्य नव्हतंच, असं मी म्हणणार नाही. आई अजून सांगते, मुंबई आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' लागायचं. टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत. घरातल्याच गोष्टींवर घरातल्यासारखं बोलणं. कामगारांसाठी 'कामगार सभा' होती, बायकांसाठी 'वनिता मंडळ' होतं. लोक घड्याळ लावून ऐकायचे. म्हणजे साध्या विषयांना ऐकणारे तेव्हाही होते.

अडचण जागेची होती. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. त्यात दोन स्टेशनांमध्ये पुरेसं अंतर ठेवावं लागतं, नाहीतर एकाची गाणी दुसऱ्याच्या बातम्यांत घुसतात. म्हणजे एका शहरात किती स्टेशनं मावणार याला मर्यादा. आणि दिवसाचे तास चोवीसच. जागा कमी आणि इच्छुक जास्त झाले की कुणाला तरी 'हे महत्त्वाचं, ते नाही' असं ठरवावं लागतं. ठरवणारा माणूस वाईट असायची गरज नाही. पण त्याच्यासमोर एका बाजूला शेतकऱ्यांसाठी हवामानाचा अंदाज आणि दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी असेल, तर गिरणी हरणारच. मी त्या खुर्चीत असतो तर मीही तेच केलं असतं.

आपल्याकडे त्यात कायद्याचीही भिंत होती. प्रसारण चालायचं १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याखाली. हो, अठराशे पंच्याऐंशी. ती भिंत हलली क्रिकेटमुळे. १९९३ च्या हिरो कपचं प्रक्षेपण कोणी करायचं यावरून वाद झाला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये कोर्टाने सांगितलं की रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. मग २००१ मध्ये बंगळुरूला पहिलं खाजगी एफएम स्टेशन सुरू झालं. पण खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या करायची परवानगी नव्हती, आणि लायसन्ससाठी इतके पैसे मोजलेला माणूस गाणी आणि जाहिरातीच लावणार. सामाजिक संस्थांना कम्युनिटी रेडिओ काढायची मुभा मिळाली २००६ च्या धोरणाने. साताऱ्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' त्यातूनच उभी राहिली. तिथल्या गावातल्या बायकाच माईकवर बोलतात. सुंदर काम आहे. तरीही परवानगी, टॉवर आणि ठरलेल्या अंतरापुरताच पोहोचणारा आवाज, हे सगळं आलंच.

म्हणजे आवाज दूरवर पोचवायचा तर कुठे ना कुठे दारावर एक माणूस बसलेला होता, आणि आत जायला कारण सांगावं लागत होतं.

एक ओळ

आता त्याच काळातल्या अमेरिकेत जाऊ, कारण ती ओळ तिथे लिहिली गेली.

साल २०००. डेव्ह वायनर नावाचा प्रोग्रॅमर आरएसएसवर काम करत होता. आरएसएस म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. तुमच्या ब्लॉगवर नवीन काय आलं त्याची यादी त्यात असते. वाचणाऱ्याचं सॉफ्टवेअर थोड्या थोड्या वेळाने ती फाइल उघडून बघतं : नवीन काही आलंय का? आलं असेल तर घेऊन येतं. दूधवाल्याने पिशवी दाराला अडकवून जावं, तितकं साधं.

त्याला ॲडम करी भेटला. हा एमटीव्हीवर पूर्वी निवेदक होता. त्याची तक्रार अशी : इंटरनेटवर गाणं किंवा व्हिडिओ ऐकायचा-बघायचा तर आधी क्लिक करायचं, मग वाट बघत बसायचं. ज्यांनी डायलअपचा तो किर्र आवाज ऐकलाय त्यांना हे कळेल, बाकीच्यांनी घरातल्या मोठ्यांना विचारा. करीचं म्हणणं होतं की रात्री कॉम्प्युटर रिकामाच पडलेला असतो, तेव्हा मोठी फाइल हळूहळू उतरू द्या. सकाळी उठल्यावर ती तयार असेल, आणि वाट बघायचा त्रास कोणाला जाणवणारच नाही.

वायनरने यावर उपाय म्हणून डिसेंबर २००० मध्ये आरएसएसमध्ये एक नवा टॅग घातला. नाव 'एन्क्लोजर'. त्यात फक्त तीन गोष्टी लिहायच्या : फाइलचा पत्ता, तिचा आकार आणि ती कोणत्या प्रकारची आहे. बस्स.

एन्क्लोजरला मराठीत नेमका शब्द आहे. सरकारी पत्राच्या तळाशी लिहिलेलं असतं ना, 'सोबत : वरीलप्रमाणे'? तेच. पत्रासोबत जोडलेला कागद. वायनरने ब्लॉगच्या यादीला 'सोबत एक ध्वनिफीत जोडली आहे' एवढं म्हणायची सोय करून दिली. जानेवारी २००१ मध्ये त्याने स्वतःच्या ब्लॉगवर ग्रेटफुल डेड या बँडचं एक गाणं जोडून ते चालतंय हे दाखवलं. फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. ॲपलने आयपॉड जाहीर केला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये.

या ओळीत काय नाही, ते बघा. परवानगीचा रकाना नाही. विषयाचा नाही. लायसन्स नंबरचा नाही. फाइल माझ्या सर्व्हरवर, यादी माझ्याकडे, आणि ऐकणाऱ्याचं ॲप थेट माझ्या दारात येतं. मध्ये कोणी नाही. लहरींसारखी जागाही संपत नाही : माझ्या गिरणीमुळे कोणाचा हवामानाचा अंदाज अडत नाही. दारावरच्या माणसाला कोणी हाकललं नाही, त्याचं कामच उरलं नाही.

नाव आणि पहिली गर्दी

पुढचं भराभर घडलं. २००३ मध्ये ख्रिस्तोफर लायडन या पत्रकाराच्या मुलाखती याच पद्धतीने फीडमधून जाऊ लागल्या. फेब्रुवारी २००४ मध्ये बेन हॅमर्सलीने 'गार्डियन'मध्ये या प्रकाराला काय म्हणावं म्हणून तीन नावं सुचवली, त्यातलं एक 'पॉडकास्टिंग'. आयपॉडमधला पॉड आणि ब्रॉडकास्टमधला कास्ट. ऑगस्टमध्ये ॲडम करीने स्वतःचा रोजचा कार्यक्रम सुरू केला, आणि फीडमधली फाइल आपोआप आयपॉडमध्ये टाकणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवरही काम केलं. २००५ संपता संपता 'पॉडकास्ट' हा न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीचा वर्षाचा शब्द झाला.

पण मला आवडणारी गोष्ट वेगळी आहे. दार उघडं आहे हे कळल्यावर आत पहिल्यांदा कोण आलं? तंत्रज्ञानावर बोलणारी मंडळी आली, ते अपेक्षितच होतं. पण सप्टेंबर २००४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या एका जुन्या दूधधंद्याच्या शेतघरातून डॉन आणि ड्रू हे नवरा-बायको बोलायला लागले. विषय? काहीच नाही. दिवस कसा गेला, घरात काय झालं, एकमेकांची थट्टा. एखाद्या स्टेशनमध्ये जाऊन 'आम्ही दोघं घरी बसून बोलतो, तेवढं लावा' असं त्यांनी म्हटलं असतं, तर चहासुद्धा मिळाला नसता. पण लोकांनी ऐकलं, आणि तो सुरुवातीच्या लोकप्रिय पॉडकास्टपैकी एक ठरला.

जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची यादी आणली. पहिल्या दोन दिवसांत दहा लाखांवर सबस्क्रिप्शन झाल्याचं त्यांनी जाहीर केलं. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल : ॲपलकडे फक्त यादी होती. फाइल्स ज्याच्या त्याच्या सर्व्हरवरच. टेलिफोन डिरेक्टरी छापणारा तुमचा फोन मालकीचा करून घेत नाही, तसं.

पाटी, कोठडी आणि कोल्ड्रिंकचा कॅन

मग विषय सुटले ते सुटलेच. २०१० मध्ये रोमन मार्सने सॅन फ्रान्सिस्कोमध्ये '९९ पर्सेंट इन्व्हिजिबल' सुरू केलं. विषय : आपण रोज वापरतो पण ज्यांच्याकडे बघत नाही अशा वस्तूंची रचना. पाट्या, झेंडे, इमारतींची दारं. २०१२ मध्ये त्याने ऐकणाऱ्यांकडे ४२ हजार डॉलर मागितले. मिळाले एक लाख ७० हजारांवर. पाट्या आणि दारांच्या गोष्टींसाठी लोकांनी स्वतःच्या खिशातून पैसे दिले.

२०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात 'इअर हसल' सुरू झालं. अर्लोन वुड्स आणि अँटवान विल्यम्स हे दोन कैदी, आणि तिथे स्वयंसेवक म्हणून येणारी कलाकार नायजेल पूअर. तुरुंग म्हटलं की आपल्याला खून, खटले आणि पळून जाणं आठवतं. यांचा पहिला एपिसोड होता एका कोठडीत दुसऱ्या माणसाबरोबर राहायचं कसं यावर. कोण घोरतं, कोणाची स्वच्छतेची सवय कशी. हॉस्टेलला राहिलेला कोणीही ते ऐकून मान हलवेल. आणि तिथेच तो एपिसोड काम करतो : बातमीतला कैदी लांबचा असतो, घोरणाऱ्या रूममेटला वैतागलेला कैदी आपल्या शेजारचा होतो. अर्थात तुरुंगात दारावर माणूस होताच. प्रत्येक एपिसोड आधी तुरुंगाचा अधिकारी ऐकायचा, मगच तो बाहेर जायचा. पुढे २०१८ मध्ये गव्हर्नरने वुड्सची शिक्षा कमी केली, तो बाहेर आला आणि पॉडकास्ट करतच राहिला.

त्याच २०१८ मध्ये 'एव्हरीथिंग इज अलाइव्ह' आलं, ज्यात निर्जीव वस्तूंच्या मुलाखती असतात. पहिला पाहुणा कोण, तर साध्या ब्रँडच्या कोल्याचा एक कॅन. एखाद्या संपादकासमोर ही कल्पना मांडून बघा.

मधे एकदा सगळं अडणार होतं. पॉडकास्टिंगची मूळ कल्पना आपल्या पेटंटमध्ये आहे असा दावा एका अमेरिकन कंपनीने केला, आणि २०१३ मध्ये विनोदी कलाकार ॲडम करोलावर खटला भरला. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने लोकांकडून देणग्या घेऊन त्या पेटंटला आव्हान दिलं. २०१५ मध्ये पेटंट कार्यालयाच्याच मंडळाने पेटंटचा तो भाग रद्द केला. नाहीतर गिरणीवर बोलायला मला रॉयल्टी भरावी लागली असती.

आपल्याकडे

आपल्याकडे फोन आधी आले आणि डेटा नंतर परवडला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि तासभराचं बोलणं ऐकणं हा पैशांचा प्रश्न राहिला नाही. मराठीत गप्पांचे कार्यक्रम उभे राहिले. त्यांची नावं कधी एका ओळीत लिहून बघा : 'अमुक तमुक'. त्यांचीच 'खुसपुस', ज्यात घरात मोठ्याने न बोलल्या जाणाऱ्या विषयांवर बोलणं होतं. 'व्हायफळ'.

हे सगळे शब्द मराठीत कशासाठी आहेत? ज्या बोलण्याला दिवाणखान्यात किंमत नाही, त्या बोलण्यासाठी. 'काय वायफळ बोलत बसलात' हे आपण लहानपणापासून ऐकलंय. 'कसली खुसपुस चाललीय' हेसुद्धा, बहुतेक वेळा स्वयंपाकघरातल्या बायकांना उद्देशून. तीच नावं लोकांनी पाटीवर रंगवली आणि दुकान थाटलं. मला वाटतं, पॉडकास्टचा सगळा इतिहास त्या नावांत आलाय.

पण एक फरक झाला. आपल्याकडे पॉडकास्ट म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतं यूट्यूब, दोन खुर्च्या, दोन माईक आणि मागे एक झाड. त्यात वाईट काही नाही, मीही बघतो. फक्त तिथे यादी, फाइल आणि ऐकणाऱ्यांपर्यंतचा रस्ता, तिन्ही एकाच कंपनीच्या हातात. २०१९ मध्ये स्पॉटिफायने पॉडकास्टच्या कंपन्या विकत घ्यायला सुरुवात केली, आणि काही कार्यक्रम फक्त त्यांच्याच ॲपमध्ये ऐकता येऊ लागले. २०२४ मध्ये गूगलने स्वतःचं पॉडकास्ट ॲप बंद केलं. म्हणजे दारावरचा माणूस परत आला. या वेळी तो माणूस नाही, अल्गोरिदम आहे. तो 'नको' म्हणत नाही. तो फक्त तुम्हाला कोणाला दाखवत नाही.

माझे चार एपिसोड

आता माझी चूक सांगतो.

लॉकडाऊनमध्ये मी पहिल्यांदा पॉडकास्ट केला होता. हा नव्हे, आधीचा. चार एपिसोड. एका फुकट ॲपवर टाकले, कारण तिथे बटण दाबलं की काम झालं. स्वतःचं फीड वगैरे भानगडी कोण करणार! चौथ्या एपिसोडमध्ये आमच्या बिल्डिंगमधले एक काका होते, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. त्यांच्याकडे जुना तिकिटं पंच करायचा चिमटा होता. त्याचा टकटक आवाज त्यांनी माईकसमोर काढून दाखवला. गळ्यातली चामड्याची बॅग, सुट्ट्या पैशांची मारामारी, तिकिटाच्या मागे उरलेले पैसे लिहून द्यायचे ते. रात्रीच्या मुक्कामी गाडीला गावात कोण जेवायला बोलवायचं. भरलेल्या गाडीत नुसता चेहरा बघून कोणी तिकीट काढलेलं नाही हे कसं ओळखायचं. पन्नास मिनिटं ते थांबलेच नाहीत. मागे कुकर वाजला, काकू काहीतरी ओरडल्या, मी ते सगळं नीट कापून 'स्वच्छ' केलं. प्रोफेशनल वाटावं म्हणून.

मग ते ॲप बंद झालं. मेल आले होते, 'अमुक तारखेपर्यंत तुमच्या फाइल्स उतरवून घ्या'. ऑफिसात रिलीज होतं, मी ते मेल नंतर बघू म्हणून बाजूला टाकले. मूळ रेकॉर्डिंग ज्या फोनमध्ये होतं तो मी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला होता. बीटेक झालेला माणूस, रोज लोकांना बॅकअप घ्या म्हणून सांगतो.

काका आता मुलाकडे नाशिकला असतात. मागच्या दिवाळीत गेलो होतो, माईक घेऊन. म्हटलं, काका, परत एकदा सांगा ना. ते म्हणाले, "अरे, तेव्हा सांगितलं की सगळं." दहा मिनिटं बोलले. चिमटा घर बदलताना भंगारात गेला होता.

मोठ्या माणसांच्या मुलाखती चार ठिकाणी असतात. एक गेली तर दुसरी सापडते. कंडक्टरची मुलाखत एकच असते. रोजच्या विषयांचं हे असंच आहे : त्यांना कोणी महत्त्वाचं मानलेलं नसतं, म्हणून त्यांची दुसरी प्रत कुठेच नसते.

मग काय करायचं

पॉडकास्ट करणाऱ्यांनी तीन गोष्टी करा. मूळ फाइल स्वतःकडे दोन ठिकाणी ठेवा. होस्टिंग कोणाचंही घ्या, पण फीड दुसरीकडे हलवता येतं का ते पहिल्या दिवशी विचारा. आणि यूट्यूबवर जरूर टाका, पण फक्त तिथेच टाकू नका. ऐकणाऱ्यांनी एकच करा : जे आवडतं ते फीड घेणाऱ्या ॲपमध्ये सबस्क्राइब करा. मग उद्या अल्गोरिदमचा मूड काहीही असो, तुमचं ॲप माझ्या दारात येऊन 'नवीन काही आहे का' विचारेलच. ती २००० सालातली ओळ अजून चालते. या एपिसोडच्या फीडमध्येही तीच आहे : पत्ता, आकार, प्रकार.

आणि मित्राला उत्तर. गिरणीवर चाळीस मिनिटं कोणी करू दिली? कोणाला विचारावं लागू नये, एवढी सोय कुणीतरी करून ठेवली होती. ती फुकट मिळाली म्हणून तिची किंमत मला चार एपिसोड गेल्यावर कळली.

या वेळी कुकरच्या शिट्ट्या ठेवल्यात. पुढच्या वेळी बोलू प्लास्टिकच्या बरण्यांवर आणि त्या शेजारणीकडून परत का येत नाहीत यावर. तुमच्याकडे कोणी रिटायर कंडक्टर, पोस्टमन, गिरणीवाले असतील, तर फोनचं रेकॉर्डर चालू करा, आणि फाइल आजच कुठेतरी जपून ठेवा. भेटू!